टेनर रेकॉर्डरच्या शेवटच्या भोकाला चावी: भोक कुठे, केवढे, आणि चावी कशावर बसवायची?

सुषिर

नमस्कार मंडळी,

शिसवाचा टेनर रेकॉर्डर (उभी धरून फुंकायची लाकडी बासरी) लेथवर करतो आहे. तीन जोडांपैकी डोके आणि मधला जोड झाले, आवाज स्थिर आहे, ई पासून वरचे स्वर ए = ४४० ला ५ सेंटांच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत बसतात. घोडे अडले आहे ते खालच्या जोडात.

मापे देतो. खालच्या जोडात बोअर (आतली पोकळी) जवळजवळ सरळ, १६ मिमी. बाहेरचा व्यास ३३ मिमी, म्हणजे भिंत साडेआठ. करंगळीचे भोक ६.५ मिमी, त्याचे केंद्र खालच्या टोकापासून १०४ मिमी वर. सगळी भोके झाकल्यावर येणारा सी (आपली पांढरी एक) सुरात आहे. करंगळी उचलली की येणारा डी मात्र साधारण ३० सेंट खाली आणि दबका. भोक मोठे करावे तर करंगळीने नीट झाकले जात नाही, आताच ती ताणून धरावी लागते.

म्हणून चावी, म्हणजे दाबल्यावर भोक झाकणारी धातूची पट्टी, लावायची ठरवली आहे. विचारायचे ते असे:

आहे त्याच भोकावर चावी बसवली तर भागेल का? चावी लाकडात आटे पाडून बसवलेल्या पितळी खांबांवर घ्यावी, की लाकडातच कडे ठेवून खाचेत पिन टाकावी? क्लॅरिनेटचे पॅड (भोकावर टेकणारी मऊ गादी) चालतील का? आणि एवढा खटाटोप करतोच आहे तर सी शार्पसाठी (सी आणि डी मधला स्वर) दुसरी चावीही घ्यावी का?

माझ्याकडे लेथ, ड्रिल प्रेस आणि डाख लावायला गॅसचा छोटा टॉर्च आहे. मिलिंग मशीन नाही.

---

बोअरगेज

चावी कशी बसवायची ते इतर जण सांगतीलच, मी भोकाबद्दल लिहितो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. जुन्याच भोकावर चावी ठेवली तर करंगळीचे दुखणे जाईल, डी आहे तसाच राहील. उलट थोडा आणखी उतरेल, कारण उघड्या भोकावरही पॅड टांगलेला असणार.

आकडे मांडून पाहा. हवेतला ध्वनीचा वेग ३४५ मीटर प्रति सेकंद धरला तर सी साठी (२६१.६ हर्ट्झ) अर्धी तरंगलांबी ६५९ मिमी येते, डी साठी ५८७ आणि ई साठी ५२३. म्हणजे नळीची ध्वनिशास्त्रीय लांबी सी वरून डी वर येताना ७२ मिमीने कमी व्हायला हवी, आणि डी वरून ई वर येताना ६४ मिमीने. अनामिका आणि करंगळी यांच्यात ६४ मिमीचे अंतर सहज ठेवता येईल असा हात क्वचितच सापडतो. बिनचावीच्या टेनरमध्ये म्हणूनच तडजोड करतात: करंगळीचे भोक वर सरकवायचे आणि सूर चढू नये म्हणून लहान ठेवायचे. लहान भोकातून हवेचा स्तंभ पुरता मोकळा होत नाही, त्याची परिणामकारक लांबी भोकाच्या बरीच खाली जाते.

तुमच्या मापांवर हिशोब केला तर ६.५ मिमीच्या भोकाचे केंद्र साधारण ११८ मिमीवर नेल्यावर डी सुरात येईल. करंगळीलाही ते जवळ पडेल. पण साडेआठ मिमी खोल, ६.५ मिमी रुंद बोगद्यातून निघणारा डी ई च्या शेजारी बसकाच वाटणार. भोकाची आतली कड तिरकी कापून थोडा फरक पडतो, फार नाही.

चावीचा खरा फायदा म्हणजे भोक बोटाच्या तावडीतून सुटते. आता ते जिथे हवे तिथे, हवे तेवढे घेता येते. तुमच्या बोअरला १० मिमी व्यासाचे भोक, केंद्र खालच्या टोकापासून ९५ मिमीवर, हे माझ्या हिशोबाने बरोबर बसते. म्हणजे जुन्या भोकाच्या ९ मिमी खाली. यात भिंत ६.५ मिमी धरली आहे, कारण पॅडची बैठक सपाट करताना लाकूड आपोआप कमी होते: ३३ मिमीच्या गोलाईवर १५ मिमी रुंद सपाटी घेतली की मध्यभागी सुमारे १.८ मिमी लाकूड जाते.

भोक एकदम १० चे पाडू नका. आधी साडेआठ पाडा. त्यावर डी अंदाजे १२ सेंट खाली वाजेल. मग अर्धा अर्धा मिमी वाढवत जा, पण चावी बसवून, पॅड शेवटच्या उंचीवर ठेवून. उघड्या भोकावर सूर लावला आणि नंतर पॅड टांगला तर डी पुन्हा उतरतो आणि लाकूड तर कापून गेलेले असते.

पॅड किती उचलावा यालाही हिशोब आहे. भोकाच्या कडेवरून बाजूने हवा निघायला जी जागा मिळते तिचे क्षेत्रफळ निदान भोकाएवढे हवे. ते गणित सोडवले की उचल = व्यास ÷ ४, म्हणजे १० मिमीला अडीच मिमी. ही झाली किमान. प्रत्यक्षात व्यासाचा तिसरा भाग धरा, ३.३ मिमी. त्याहून जास्त उचलून सुरात फारसा फरक पडत नाही, करंगळीचा प्रवास मात्र वाढतो.

आणखी एक सुचवतो. जुन्या जोडावर प्रयोग करू नका, नवाच करा. टेनरचा खालचा जोड सुटा असतो याचा फायदा घ्या. जुने भोक बुजवून ९ मिमी खाली १० चे भोक पाडले तर दोघांच्या कडांमध्ये जेमतेम पाऊण मिमी लाकूड उरते आणि नवी बैठक नेमकी त्या बुचावर येते. तिथून हवा गळणारच.

ई थोडा बदलेल, सहाव्या भोकाच्या खालची नळी आता जास्त मोकळी झाली आहे. तो २-३ सेंट चढला तर सहाव्या भोकात वरच्या बाजूला लाखेचा पातळ थर द्या. एफ तपासायला विसरू नका: बोटे ठेवण्याच्या बरोक पद्धतीत एफ ला पाचवे भोक उघडे आणि सहावे-सातवे बंद असते, म्हणजे चावी दाबलेली हवी. टेनरवर चावी फक्त सी पुरती असते असे समजून ती जड ठेवणारे इथेच फसतात. एफ सतत येतो, द्रुत ओळींमध्येही येतो.

---

पितळी_हात

बोअरगेज यांच्या मापांवर चावी मांडतो.

ही चावी एरवी उघडी राहणारी आणि दाबल्यावर बंद होणारी आहे. सोपी रचना अशी: वाद्याच्या लांबीला समांतर एक पोलादी दांडी, तिच्यावर फिरणारी नळी, आणि नळीला एकाच बाजूला दोन हात. वरच्या हातावर करंगळीचा टच, खालच्या हातावर पॅडची वाटी. टच दाबला की वाटीही खाली जाते. बाजारातल्या बहुतेक टेनरांवर हीच असते.

दांडी २ मिमी सिल्व्हर स्टीलची. नळी जर्मन सिल्व्हरची, बाहेरून ४ मिमी, आतून २ मिमीला रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) मारलेली, लांबी ३५ ते ४० मिमी. फक्त ड्रिल मारून सोडली तर ती दांडीवर डुलते आणि पॅड दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. नळीच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत १४ मिमी, टचच्या मध्यापर्यंत १८ मिमी. पॅड ३.३ मिमी उचलायचा तर टच ४.२ मिमी फिरेल. करंगळीला हे ठीक आहे.

सगळ्यात जास्त चुकते ती दांडीची उंची. पॅड बंद असताना त्याचा तळ ज्या पातळीत असतो, त्याच पातळीत दांडीचा मध्य हवा. दांडी वर राहिली तर पॅड टेकताना बैठकीवर घासत सरकतो, कातड्यावर वळ पडतो आणि काही आठवड्यांत तिथून गळती सुरू होते. त्यामुळे खांबांची उंची आधी कागदावर आडवा छेद काढून ठरवा. तुमच्या जोडाचा छेद म्हणजे ३३ मिमीचे वर्तुळ, वरून १.८ मिमी खाली सपाटी, आणि १४ मिमी बाजूला दांडीचा मध्य. काढून बघितले की लक्षात येईल, तिथे लाकडाचा पृष्ठभाग गोलाईने बराच उतरलेला असतो, म्हणून खांब वाटतात त्याहून उंच लागतात.

खांब ५ मिमी पितळी सळईतून काढा, खाली एम ३ चे (३ मिमी व्यासाचे) आटे, ६ मिमी लांब. भिंत साडेआठ आहे तेव्हा बोअरपर्यंत अडीच मिमी शिल्लक राहते. पण वरचा खांब जर सॉकेटच्या भागावर येत असेल तर सावध. मधल्या जोडाचे टोक जिथे आत बसते तिथे भिंत पातळ असते. त्या भागाला बाहेरून फुगवटा ठेवा, ४० मिमीपर्यंत, आणि आटे ५ मिमीच्या पुढे नेऊ नका. आटे पाडल्यावर भोकात पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा टॅप फिरवा. शिसव कठीण असले तरी शिरांच्या दिशेने आट्याची कड तुटते, ती याने टिकते.

वाटीसाठी पत्रा ठोकत बसू नका. १६ मिमी पितळी सळई लेथवर धरा, आतून १५ मिमी व्यासाची आणि २ मिमी खोल वाटी काढा, तळ अर्धा मिमी ठेवून कापून घ्या. हात जर्मन सिल्व्हरच्या २.५ मिमी पट्टीचे. पितळ डाख लावताना तापून मऊ पडते आणि मग करंगळीच्या दाबाने वाकते, जर्मन सिल्व्हर जास्त ताठ राहते. जोडाला चांदीचा डाख आणि टाकणखार, शिशाचा डाख इथे टिकत नाही. नळीत डाख शिरू नये म्हणून आत पेन्सिलीचे शिसे घासलेली तार घालून ठेवा. आणि डाख सगळा लाकडापासून दूर. आधी लाकडी दांडक्यावर खांब बसवून साचा करा, त्यावर हात जुळवून तारेने बांधा, मग उचलून विटेवर डाख लावा.

बैठक. मिलिंग नाही, हरकत नाही. बोअरमध्ये घट्ट बसणारा लाकडी दांडा घाला म्हणजे भोक पाडताना आतली कड फाटणार नाही. जोड व्ही ब्लॉकवर बांधून ड्रिल प्रेसवर भोक पाडा, पकड न हलवता त्याच जागी मध्यात मार्गदर्शक पिन असलेल्या काउंटरबोअरने (सपाट तळ कापणारे हत्यार) १५ मिमीची सपाटी घ्या. मग भोकाभोवती १ ते १.५ मिमी रुंद कडे सोडून बाहेरचा भाग अर्धा मिमी उतरवा. पॅड त्या अरुंद कड्यावरच टेकला पाहिजे. पूर्ण सपाटीवर टेकवला तर करंगळीचा दाब पसरतो आणि सील होत नाही.

शिसवाची छिद्रे मोठी असतात आणि कड्याच्या खालून आडवी हवा नेतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून कड्यात जिरवा, वाळल्यावर काचेवर चिकटवलेल्या ६०० च्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा जिरवा. कडे चकचकीत दिसेपर्यंत.

---

खैरकाम

वरची रचना चांगलीच आहे, पण ज्याच्याकडे लेथ आहे आणि धातुकामाचा सराव कमी आहे त्याने कड्याच्या रचनेचा विचार जरूर करावा. लेथवर जोड उतरवतानाच ८ मिमी रुंद, ५ मिमी उंच लाकडी कडे सोडायचे. चावीपुरता भाग ठेवून बाकीचे कडे छिन्नी-कानशीने उतरवा किंवा शोभेला तसेच राहू द्या. चावीसाठी करवतीने लांबीच्या दिशेने खाच पाडायची आणि आडवी दीड मिमी पितळी तार पिन म्हणून घालायची. खांब नाहीत, आटे नाहीत, नळी नाही. अठराव्या शतकातल्या ओबो आणि आडव्या बासऱ्यांच्या चाव्या अशाच बसत.

अडचण एकच, आणि ती आधी सांगायला हवी. एका पट्टीची साधी चावी मध्ये पिनवर झुलते, टच दाबला की दुसरे टोक उचलते. बंद राहणाऱ्या चावीला ते बरोबर आहे, तुम्हाला नेमके उलटे हवे आहे. म्हणून दोन तुकडे लागतात आणि दोन कडी. पहिल्या पट्टीचे टोक वर उचलताना दुसऱ्या पट्टीचे शेपूट उचलते आणि तिचे पुढचे टोक भोकावर बसते. दोन पट्ट्यांचा सांधा ढिला राहिला तर करंगळीला मोकळा प्रवास जाणवतो आणि खटखट येते. सांध्यात पातळ कातड्याचा तुकडा चिकटवा.

ही दोन तुकड्यांची चावी रेकॉर्डरला नवी नाही. सेबास्टियान फिर्डुंग यांच्या १५११ मध्ये बाझलला छापलेल्या पुस्तकात रेकॉर्डरांचे चित्र आहे, त्यातल्या बासला खाली चावी दिसते. तिच्यावर भोके पाडलेली लाकडी पिंपासारखी टोपी असते, तिला फोंटानेल म्हणतात. नाजूक पट्टी आणि स्प्रिंग तिच्यामुळे सुरक्षित राहतात. त्या काळच्या चावीचा टच पाकोळीच्या शेपटीसारखा दुभंगलेला असे, कारण कोणता हात खाली धरायचा हे ठरलेले नव्हते आणि दोन्हीकडच्या करंगळीला तो सापडायला हवा होता. तेव्हा चावी लावल्याने तो रेकॉर्डर उरत नाही असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

चाव्यांची रेलचेल झाली ती पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात. तिथे चाकान नावाची, सुरुवातीला हातातल्या काठीतच बसवलेली बासरी लोकप्रिय होती. तोंड आणि ब्लॉक (तोंडाजवळ हवेची वाट घडवणारा लाकडी ठोकळा) रेकॉर्डरसारखेच. साध्या चाकानला एक चावी, पुढे श्टेफान कोख यांच्यासारख्या कारागिरांनी त्यांची संख्या वाढवत नेली. विसाव्या शतकात हर्बर्ट पेट्झोल्ड यांनी प्लायवुडच्या चौकोनी बास रेकॉर्डरांवर मोठ्या सपाट चाव्या घेतल्या. चौकोनी नळीवर बैठक आपोआप सपाट मिळते, वर पितळी हातकाम मांडायला प्रशस्त जागा मिळते. फार शहाणपणाची रचना आहे ती. ज्याला पहिल्यांदा चाव्या करून शिकायचे आहे त्याने १२ मिमी प्लायच्या चौकोनी नळीवर एक चावी करून बघावी, गोल लाकडाच्या अर्ध्या अडचणी तिथे येतच नाहीत.

लाकडाबद्दल. शिसव वजनदार. त्यात चावीचे पितळ खालच्या टोकाला आले की उजव्या अंगठ्यावर भार वाढतो. अंगठ्याचा टेका आणि गळ्यातल्या दोरीसाठी कडी आताच धरून ठेवा. आणि ब्लॉकसाठी काय वापरले आहे? रेकॉर्डरला पेन्सिलीचे लाल सिडार वापरतात. ते ओल शोषते आणि तुलनेने कमी फुगते. आपल्याकडचा देवदार वेगळा, त्यात तेलकट राळ असते, तुकडा निवडून घ्यावा लागतो.

---

सुषिर

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी पडले. नवा जोड करतो. चावी खांबांवर, लांबीला समांतर दांडीची. खैरकाम, ब्लॉक लाल सिडारचाच आहे.

दोन शंका उरल्या. सी शार्पसाठी दुसरी चावी घ्यायची तर भोके किती मिमीची? आता मी सातवे भोक अर्धे उघडून सी शार्प काढतो, चावी आल्यावर ते जमणार नाही. दुसरे, हे वाद्य कोकणात, समुद्राजवळ राहणार आहे. स्प्रिंग आणि पॅड कोणते घ्यावेत?

---

बोअरगेज

अर्धे झाकणे चावीने जवळजवळ अशक्य होते हे बरोबर. पॅड एक मिमी वर धरून ठेवला तर सूर हातात राहत नाही. सी शार्प हवाच असेल तर दुसरी चावी घ्या. कर्नाटक किंवा हिंदुस्थानी सरावासाठी नको असेल, फक्त सी मेजरच्या आसपास वाजवणार असाल, तर एकच चावी ठेवा. प्रत्येक पॅड ही गळतीची एक जागा असते.

दोन चाव्यांची रीत अशी: एकाच उंचीवर शेजारी दोन भोके, एक मोठे, एक लहान. दोन्ही उघडी असताना डी. मोठे बंद, लहान उघडे तेव्हा सी शार्प. दोन्ही बंद तेव्हा सी. तुमच्या बोअरला, ९५ मिमीवर, ६.५ मिमी भिंतीला हिशोब येतो तो लहान भोक ४ मिमीच्या किंचित आत आणि मोठे ८.५ मिमीच्या आसपास. दोन्ही मिळून एका १० मिमी भोकाएवढे काम करतात. सी आणि सी शार्प यांच्या लांबीत ३७ मिमीचा फरक आहे, तो सगळा त्या लहान भोकावर अवलंबून, म्हणून ते आधी सुरात आणा. सुरुवात ३.५ मिमी ड्रिलने. मोठे भोक टेपने बंद करून सी शार्प लावा, मग मोठे ७.५ पासून वाढवत डी लावा. उलट क्रमाने गेलात तर लहान भोक वाढवताना डी पुन्हा चढेल.

दोन केंद्रांमध्ये गोलाईवरून निदान १३ मिमी ठेवा. मोठ्याला १३ मिमीचा पॅड, लहानाला ८ चा. दोन्ही बैठका वेगवेगळ्या कोनात सपाट करायच्या, एकाच सपाटीत बसवायचा प्रयत्न केला तर भिंत एका बाजूला फार पातळ होते.

यंत्रणा: दोन नळ्या एकाच दांडीवर मागेपुढे. सी चा टच दाबल्यावर मोठ्या भोकाची वाटीही खाली गेली पाहिजे. त्यासाठी सी च्या हाताला एक छोटी जीभ काढून ती सी शार्पच्या हातावर टेकवतात. जिभेखाली अर्धा मिमी बूच, ते घासून दोन्ही पॅड एकाच क्षणी बसतील असे जुळवायचे. जीभ आधी टेकली तर लहान भोक उघडे राहते आणि सी च्या जागी सी शार्प वाजतो.

---

रेवदंडा

किनाऱ्यावरच्या वाद्यांपुरते लिहितो.

स्प्रिंग: शिवणाच्या सुया निळ्या होईपर्यंत तापवून वापरतात आणि कोरड्या गावात त्या उत्तम चालतात. समुद्राजवळ पहिल्याच पावसाळ्यात गंजून मोडतात, आणि मोडतात त्या खांबाच्या आतच, जिथून तुकडा काढणे कष्टाचे. फॉस्फर ब्राँझची ०.८ मिमी तार घ्या. ती पोलादापेक्षा मऊ, म्हणून स्प्रिंग थोडी लांब ठेवा, निदान २५ मिमी. किंवा स्टेनलेसची तार. दांडीही स्टेनलेस घेतली तर उत्तम, नाहीतर घड्याळाच्या तेलाचा थेंब दर महिन्याला.

ताकद मोजायला सोपा उपाय: टचवर ४० ग्रॅमचे वजन ठेवा. पॅड नुसता टेकला पाहिजे. त्याहून जास्त लागत असेल तर बोअरगेज म्हणाले तो एफ जड जाणार. कमी लागत असेल तर पॅड उघडायला उशीर करतो, विशेषतः ओला असताना.

पॅड: क्लॅरिनेटचे पातळ पापुद्र्याचे पॅड बँडवाल्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतात, पण खालच्या जोडात फुंकेचे पाणी उतरते आणि पापुद्रा ओला-कोरडा होत सुटतो. मऊ कमावलेल्या शेळीच्या पांढऱ्या कातड्याचे पॅड घ्या. घरी करायचे तर १५ मिमीचा जाड पुठ्ठा, त्यावर २ मिमी दाट लोकरी फेल्ट, वरून कातडे ओढून मागे चिकटवायचे. तबल्याच्या पुडीचे कातडे इथे उपयोगाचे नाही, ते कमावलेले नसते, कडक राहते आणि ओल लागली की ताण बदलते.

पॅड वाटीत बसवताना चपडा लाखेचा तुकडा मागे ठेवा. वाटी वाद्यावर असताना ज्योत लावू नका, लाकूड जळते. डाखाची विजेवरची इस्त्री वाटीच्या पाठीला टेकवा, लाख मऊ झाली की टच अलगद दाबून धरा आणि गार होऊ द्या. पॅड स्वतःच कड्याला समांतर होतो. मग तपासणी: अगदी पातळ कागदाची ३ मिमी रुंद पट्टी पॅडखाली घालून चावी हलकी दाबा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे. दांडीच्या बाजूला घट्ट आणि समोर ढिली असेल तर पॅडची टाच आधी टेकते आहे. इस्त्रीने लाख पुन्हा मऊ करून वाटीच्या दांडीकडच्या बाजूचा पॅड थोडा आत ढकला. समोर घट्ट असेल तर उलट.

पूर्ण जोडाची परीक्षा: खालचे टोक तळहाताने बंद, चावी बंद, सॉकेटच्या बाजूने तोंडाने हवा ओढा आणि जिभेने अडवा. जिभेला लागलेला ओढा दोन-तीन सेकंद तरी टिकला पाहिजे.

लाकडाला जवसाचे तेल द्या, बोअरमध्येही, पण वाट्या उतरवून. तेल पॅडला लागले की कातडे चिकटते आणि चावी उघडताना चट्ट असा आवाज येतो. बैठकीच्या कड्याला तेल नको, तिथे लाख आहेच. ब्लॉक आणि हवेच्या वाटेला तर अजिबात नको.

टचच्या खाली एक मिमी बूच लावा आणि उचलीची मर्यादा नळीच्या मागच्या छोट्या शेपटीखालच्या बुचाने ठरवा. पावसाळ्यात बूच फुगते, उचल पाव-अर्धा मिमी कमी होते आणि डी उतरतो. जूनमध्ये डी खाली गेला तर भोकाला हात न लावता आधी ते बूच बघा.

शेवटी, सी वाजवताना स्वर फुटून वरच्या सप्तकात उडी मारत असेल तर दोष चावीचा की तोंडाचा हे आधी ठरवून घ्या. गळणारे भोक वरच्या स्वराला वाट करून देते, पण ब्लॉक फुगून हवेची वाट अरुंद झाली तरी लक्षण तेच दिसते. चावी उचलून भोकावर चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि सी वाजवा. पट्टीवर स्वच्छ वाजला तर पॅड किंवा बैठक. पट्टी लावूनही फुटला तर चावीला हात लावू नका, ब्लॉक बाहेर काढून रात्रभर सावलीत वाळवा आणि सकाळी पुन्हा तपासा.